पुडी बांधणाऱ्याचे नाव



या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "केमला जाऊन कुंकवावर बोलायचं सोडून हे सॉफ्टवेअरचं काय काढलंत?" आम्ही म्हटलं, कुंकवावरच बोलणार आहोत, वाटेत थोडं सॉफ्टवेअर लागेल इतकंच. पत्रिकेत विषय जरा भारदस्त दिसतो: मुक्त सॉफ्टवेअरच्या पॅकेजिंग स्क्रिप्ट, त्यांचा कॉपीराइट आणि साधित कृतीची कल्पना. प्रश्न मात्र साधा आहे. दुसऱ्यानं केलेली वस्तू जो नीट बांधून देतो, त्या बांधणीत त्याचं स्वतःचं काही असतं का? असलं तर किती? आणि 'त्याचं' म्हणजे नेमकं काय?

या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हळद शेतकऱ्याची. जुन्या रीतीप्रमाणे तिच्यावर लिंबाचा रस आणि टाकणखार यांचा संस्कार झाला की ती पिवळी राहत नाही, लाल होते, आणि मग तिला कुणी हळद म्हणत नाही. पुढे तिसरा माणूस ते कुंकू तोलतो, पुडीत नाहीतर डबीत भरतो, वर चिठ्ठी लावतो. हळदीचं कुंकू होणं हे रूपांतर. कुंकवाची डबी होणं हे रूपांतर नव्हे. डबी उघडा, आत तेच कुंकू. तरी डबीवरच्या चिठ्ठीकडे, तिच्यावरच्या देवीच्या चित्राकडे आणि अक्षरांच्या मांडणीकडे कायदा स्वतंत्र कलाकृती म्हणून बघतो. अशा चिठ्ठीची कॉपीराइट-नोंदणी करायची तर आधी ट्रेडमार्कच्या निबंधकाचा दाखला जोडावा लागतो, इतकं त्या चिठ्ठीचं महत्त्व. हे तीन टप्पे डोक्यात ठेवा. पुढचा सगळा घोळ हे टप्पे एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

आता सॉफ्टवेअर. लिनक्सच्या जगात हजारो प्रोग्रॅम आहेत, आणि ते लिहिणारे जगभर विखुरलेले. ते आपलं काम स्रोताच्या रूपात, म्हणजे कच्च्या मालाच्या रूपात, ठेवून देतात. डेबियन, फेडोरा, आर्च, जेंटू, ओपनसूसे ही वितरणं म्हणजे दुकानं समजा. त्या दुकानांतली माणसं प्रत्येक प्रोग्रॅमसाठी एक टिपण लिहितात. नाव काय, आवृत्ती कितवी, माल कुठून आणायचा, आणलेला माल अस्सल आहे हे ओळखायचा तपासणी-अंक कोणता, त्याआधी दुसरं काय बसवलेलं हवं, बांधायच्या आज्ञा कोणत्या आणि तयार झालेल्या फाइली कुठल्या कप्प्यात ठेवायच्या. फेडोरात याला स्पेक फाइल म्हणतात, आर्चमध्ये पीकेजीबिल्ड, जेंटूत ईबिल्ड. डेबियनमध्ये त्यासाठी एक वेगळा फोल्डरच असतो. कधी वीस ओळी, कधी काही शे. हीच पॅकेजिंग स्क्रिप्ट. लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळजण बिनपगारी असतात, हे विसरू नका.

आमचा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. तत्त्वज्ञानात एम.ए. झाला आणि पोटासाठी संगणकात गेला, ते त्यानं बरंच केलं. मराठी शुद्धलेखन-तपासणी आणि काही देवनागरी फाँट यांच्या अशा स्क्रिप्ट तो सात-आठ वर्षं सांभाळत होता. रात्री, नोकरी आटपल्यावर. एकदा एका कंपनीनं त्या जशाच्या तशा उचलल्या. उचलायला त्याची ना नव्हतीच. पण सगळ्यात वरच्या दोन ओळी, ज्यांत सांभाळणाऱ्याचं नाव असतं, तेवढ्या पुसल्या आणि तिथं आपलं नाव घातलं. तो आमच्याकडे आला. पैसे मागायचे नव्हते, खटला करायचा नव्हता. एवढंच विचारलं, "सर, हे माझं होतं का?"

आम्ही तेव्हा न्यायदर्शन शिकवत होतो, आणि हातात जे हत्यार असेल त्यानंच सगळं कापायची मास्तरांना खोड असते. आम्ही त्याला कुंभाराचं गाढव ऐकवलं. विश्वनाथ पंचाननांच्या भाषापरिच्छेदात कारणाची चर्चा आहे. घडा झाला. माती त्याचं समवायी कारण. कुंभार, चाक, दांडा ही निमित्त कारणं. पण घड्याच्या आधी इतरही पुष्कळ काही असतं. दांड्याचा रंग असतो, कुंभाराचा बाप असतो, आणि ज्याच्या पाठीवरून माती आली ते गाढवही असतं. ही सगळी अन्यथासिद्ध, म्हणजे आधी असूनही कारणात न धरायची. गाढव का धरायचं नाही? कारण डोक्यावर टोपली घेऊन आणलेल्या मातीचाही घडा होतोच. आम्ही विद्यार्थ्याला म्हटलं, अरे, तू नसतास तर दुसऱ्या कुणी ती स्क्रिप्ट लिहिली असती, प्रोग्रॅम तरीही बसलाच असता. तेव्हा तू तो. तो हसला. आम्हीही हसलो. चहा झाला. नंतर कुणाकडून तरी कळलं की त्यानं ते काम सोडून दिलं.

तो दृष्टान्त चुकीचा होता. कुठं चुकला ते सांगायला आज आम्ही आलो आहोत. कळायला दहा-बारा वर्षं लागली, हेही मान्य.

आधी सोपा भाग घेऊ. पॅकेजिंग स्क्रिप्ट ही मूळ प्रोग्रॅमची साधित कृती आहे का? पुष्कळांना वाटतं, असणारच. प्रोग्रॅम नसेल तर स्क्रिप्टला अर्थ काय? हा युक्तिवाद टिकत नाही. प्रस्तावनेला पुस्तकाशिवाय अर्थ नसतो, म्हणून प्रस्तावना पुस्तकाचं रूपांतर ठरत नाही. आपला कायदा १९५७ चा. त्यात संगणकाचा प्रोग्रॅम वाङ्मयीन कृतीत मोडतो. 'साधित कृती' हा शब्द अमेरिकन कायद्यातला. आपल्याकडे 'रूपांतर' आहे, आणि १९९४ च्या दुरुस्तीनं त्या व्याख्येत मूळ कृतीची पुनर्मांडणी किंवा तिच्यात फेरफार करणारा कुठलाही वापर आला. व्याख्या ऐसपैस आहे खरी. पण स्क्रिप्ट मूळ प्रोग्रॅमची एक ओळही हलवत नाही. ती त्याचं नाव घेते, पत्ता देते, त्याला हाक मारते. या वाचनालयातल्या सूचिकार्डावर ग्रंथाचं नाव, पानं आणि कपाट लिहिलेलं असतं. ते कार्ड म्हणजे त्या ग्रंथाचं रूपांतर, असं कुणी म्हणेल का?

ठिगळाची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्या भाषेत पॅच. मूळ प्रोग्रॅममध्ये एखादी चूक असली की बांधणारा ती दुरुस्त करणारी फाइल जोडतो. तिच्यात 'ही ओळ काढा, ही घाला' असं असतं, आणि जागा ओळखता यावी म्हणून बदलाच्या वर-खाली साधारण तीन-तीन मूळ ओळी उतरवलेल्या असतात. म्हणजे दुसऱ्याचं लेखन इथं खरोखर आलं, फेरफारही आला. निक्सपॅकेजेस हा मोठा संग्रह एमआयटी परवान्याखाली आहे, पण त्याच्या माहितीपत्रकात सरळ लिहिलंय की हा परवाना बांधलेल्या प्रोग्रॅमना लागत नाही, आणि आतल्या पॅचनाही कदाचित लागणार नाही, कारण ते मूळ प्रोग्रॅमच्या साधित कृती असू शकतात. आम्हाला ते 'कदाचित' फार आवडलं. परवान्याच्या मजकुरात इतका प्रामाणिक क्रियाविशेषण क्वचित सापडतो.

दुकानदारांनाही हा फरक चांगला माहीत आहे, नव्हे, त्यावर त्यांनी पळवाटा बांधल्या आहेत. मायक्रोसॉफ्टचे एरियल, टाइम्स वगैरे फाँट मूळ गठ्ठ्यातच, न बदलता वाटायची परवानगी होती. उलगडून नव्या पेटीत घालायची नव्हती. मग डेबियनमधल्या मंडळींनी काय केलं? पेटीत फाँट ठेवलेच नाहीत, नुसती स्क्रिप्ट ठेवली. ती तुमच्या संगणकावर येते, गठ्ठा उतरवून घेते आणि तुमच्या घरी उलगडते. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या क्यूमेलचंही तसंच. फेरफार केलेला तयार प्रोग्रॅम वाटता येत नव्हता, म्हणून मूळ स्रोत आणि सोबत ठिगळं अशी पुडी देत. शिवणकाम गिऱ्हाइकानं घरी करायचं. पुढे २००७ मध्ये बर्नस्टाइन यांनी तो सार्वजनिक मालकीत सोडला आणि ही कसरत संपली. स्क्रिप्ट जर साधित कृती असती तर ही पळवाट उघडीच राहिली नसती. कृती सांगणं आणि पदार्थ वाढणं यांत अंतर आहे म्हणूनच ती चालली.

दुसरा गोंधळ जीपीएलमुळे झालाय. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत म्हटलंय की तयार प्रोग्रॅम वाटायचा तर संपूर्ण स्रोत द्यायचा, आणि 'संपूर्ण' मध्ये तो बांधायच्या आणि बसवायच्या स्क्रिप्टही येतात. यावरून लोक म्हणतात, बघा, स्क्रिप्ट प्रोग्रॅमचाच भाग. नाही हो. सोबत द्यावी लागते म्हणजे त्यातून जन्मली असं नव्हे. लग्नात मुलीबरोबर पाठराखीण जाते, म्हणून ती मुलीची मुलगी होत नाही. ही बंधनाची गोष्ट आहे, उत्पत्तीची नाही.

आपल्या लिपीतलं उदाहरण सांगतो. लोहित नावाचे फाँट आहेत. लोहित म्हणजे लाल, या गावाला शोभणारं नाव. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं ते पुरवले, रेड हॅटनं ते जीपीएलखाली खुले केले. मराठीसकट अनेक भारतीय भाषांना त्यांचा आधार झाला. पण फाँट ही चमत्कारिक वस्तू आहे. तुम्ही अर्ज टाइप केला, पीडीएफ केली, की फाँटचा तुकडा त्या पीडीएफमध्ये जाऊन बसतो. मग तुमचा अर्ज जीपीएलचा झाला का? ही शंका हास्यास्पद वाटेल, पण ती खरी होती. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं तिच्यासाठी खास अपवादाचं कलम सुचवून ठेवलं होतं. २०११ मध्ये लोहित फाँट एसआयएलच्या ओपन फाँट परवान्यात गेले. तो परवाना स्पष्ट म्हणतो की फाँट वापरून केलेल्या दस्तऐवजाला आमची अट लागत नाही. त्यात आणखी एक मार्मिक सोय आहे: कर्त्याला नाव राखून ठेवता येतं. फाँट बदला, वाटा, पण बदललेल्याला ते राखीव नाव लावू नका. म्हणजे वस्तूवरची मालकी सैल, नावावरची घट्ट. हे आम्ही पुढे पुन्हा काढणार आहोत.

तर स्क्रिप्ट साधित नाही. पण साधित नाही म्हणजे ती स्वतंत्र कृती झाली असंही नव्हे. ती काहीच नसू शकते. कायद्याला मौलिकता लागते. आणि इथं आमच्या मते आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल फार उपयोगी पडतो, जो सॉफ्टवेअरवाले सहसा उघडत नाहीत. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक, १२ डिसेंबर २००७. ईस्टर्न बुक कंपनी सर्वोच्च न्यायालयाचे निकाल छापते. निकाल कुणाच्याच मालकीचे नाहीत, कुणीही छापावेत. पण कंपनीचे संपादक कच्च्या निकालावर संस्कार करतात: चुका दुरुस्त करायच्या, संदर्भ नीट करायचे, परिच्छेद पाडायचे, त्यांना क्रमांक द्यायचे. प्रतिपक्षानं निकालांची सीडी काढली. कंपनी म्हणाली, ही आमची मेहनत चोरली. आता बघा, हे आपलंच प्रकरण आहे. माल दुसऱ्याचा, बांधणी यांची.

न्यायालयानं सांगितलं, नुसत्या घामाला हक्क नाही. कौशल्य आणि निवडीची बुद्धी लागते, थोडी का होईना सर्जकता लागते. शुद्धलेखन सुधारलं, संदर्भ भरले, यात कष्ट आहेत, पण हक्क नाही. तीन गोष्टींत मात्र कंपनीचा हक्क मान्य झाला: मूळ मजकूर तोडून वेगळे परिच्छेद करणं, त्यांना आतले क्रमांक देणं, आणि कोणते न्यायमूर्ती सहमत होते, कोणते नव्हते हे दाखवणं. कारण कुठं एक मुद्दा संपतो आणि दुसरा सुरू होतो हे ठरवायला कायदा समजावा लागतो.

या निकालाशी आमचं थोडं भांडण आहे. चुकलेला संदर्भ शोधून काढायला कधीकधी परिच्छेद तोडण्यापेक्षा जास्त बुद्धी लागते; संशोधन केलेल्या कुणालाही विचारा. तेव्हा ही रेघ न्यायमूर्तींनी जिथं ओढली तिथंच ती निसर्गतः होती असं नाही. पण रेघेची जात बरोबर आहे, आणि ती पॅकेजिंगला लावून बघा. आवृत्तीचा आकडा, पत्ता, तपासणी-अंक: इथं निवड शून्य. अवलंबनांची यादी बहुतेक मूळ प्रोग्रॅमच ठरवतो. पण एका प्रोग्रॅमच्या तीन पुड्या करायच्या की पाच, शब्दकोश वेगळा द्यायचा की मुख्य पेटीतच, जुनी आवृत्ती असलेल्या माणसाच्या संगणकावर नवी बसताना त्याचं काही मोडू नये म्हणून कोणती पायरी आधी घ्यायची, हे परिच्छेद पाडण्यासारखंच आहे. कुठं तोडायचं ते कळावं लागतं.

आता गाढवाकडे परत येऊ. न्यायशास्त्र कारण शोधतं ते एका जातीच्या सगळ्या कार्यांसाठी. घडा म्हटला की कुठलाही घडा. खुद्द नैयायिक मान्य करतात की त्या एका विशिष्ट घड्याच्या आधी ते गाढव होतंच. पण घडेपणाला त्याची गरज नाही, म्हणून ते बाद. कॉपीराइटचा प्रश्न जातीचा नाहीच. तो या घड्याचा आहे, या ओळींचा आहे. आणि तिथं कसोटी बरोबर उलटी होते. 'हे दुसऱ्या रीतीनं झालं असतं का?' न्यायात याचं उत्तर 'हो' आलं की गाढव बाद. कॉपीराइटमध्ये 'हो' आलं तरच दार उघडतं. कारण दुसरी रीतच नसेल तर लिहिणाऱ्यानं निवडलं काय? तिथं कल्पना आणि तिची मांडणी एकजीव होतात, आणि कल्पनेवर हक्क नाही हे १९७८ च्या आर. जी. आनंद खटल्यापासून आपल्याकडे पक्कं आहे.

म्हणजे आम्ही विद्यार्थ्याला जे कारण देऊन बाद केलं, तेच कारण त्याच्या बाजूचं होतं. 'तू नसतास तर दुसऱ्यानं लिहिली असती.' लिहिली असती, पण वेगळी! तपासणी-अंक तोच आला असता. पुड्यांची वाटणी, क्रम, आणि हा फाँट त्या फाँटच्या आधी का धरायचा याची त्यानं ओळींच्या बाजूला लिहिलेली कारणं, ती त्याचीच. सगळी स्क्रिप्ट त्याची नव्हती. काही होती. आम्ही 'काही' ऐवजी 'काही नाही' म्हणून मोकळे झालो.

पण थांबा. याचा अर्थ आम्ही प्रत्येक वीस ओळींना सातबारा द्यायला निघालो आहोत असा घेऊ नका. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. तिसाव्या वर्षी लिहिलेली स्क्रिप्ट, माणूस ऐंशी वर्षं जगला, तर एकशेदहा वर्षं मालकी. ज्या प्रोग्रॅमसाठी ती लिहिली तो पाच वर्षांत अडगळीत जातो. हा हिशोब वेडेपणाचा आहे, आणि म्हणून परवान्यांची गरज पडते. त्या परवान्यांच्या मजकुराकडे आम्ही टीकाकाराच्या नजरेनं बघितलं, तेव्हा प्रत्येक दुकानाची रीत वेगळी दिसली. जेंटूत ईबिल्ड जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली, आतला माल कुठलाही असो. फेडोरात वेगळं काही लिहिलं नसेल तर एमआयटी. डेबियनमध्ये प्रत्येक पेटीत कॉपीराइटची फाइल असते आणि तिच्यात बांधणीच्या फोल्डरचा धनी वेगळा नोंदवता येतो. ही रीत आम्हाला सगळ्यात सुसंस्कृत वाटते.

ओपनसूसेचा मजकूर मजेदार आहे. स्पेक फाइलच्या डोक्यावर लिहिलेलं असतं की या फाइलचा परवाना मूळ प्रोग्रॅमचा जो असेल तोच. मूळ प्रोग्रॅम मुक्त नसेल तर मात्र एमआयटी. म्हणजे बापाचं आडनाव लावायचं, बापाची वर्तणूक ठीक नसेल तर मामाचं. सोय चांगली, पण विचार कच्चा. आतापर्यंत आपण बघितलं की स्क्रिप्ट प्रोग्रॅममधून जन्मत नाही. मग त्याचं आडनाव कशासाठी? आणि मूळ लेखकानं पुढच्या आवृत्तीत परवाना बदलला तर? कालपर्यंत एका परवान्याखाली असलेल्या माझ्या ओळी आज मला न विचारता दुसऱ्याखाली गेल्या का? वाक्यात याचं उत्तर नाही. 'तोच' हा शब्द काळ सांगत नाही.

आर्चची गोष्ट ताजी आहे. त्यांच्या पीकेजीबिल्डना कित्येक वर्षं कसलाच परवाना नव्हता. सगळे वापरत होते, कुणी विचारत नव्हतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता सगळं झिरो-बीएसडी या अत्यंत सैल परवान्याखाली. १९ नोव्हेंबरपासून आठवडाभरात प्रत्येक योगदात्याला एक ईमेल, त्यात त्याच्या कामाची यादी. मान्य असेल तर काही करू नका. नसेल तर उत्तर द्या, मिळून मार्ग काढू. सूर सभ्य आहे. पण 'मौनं संमतिलक्षणम्' हे सुभाषित लग्न ठरवताना चालत असेल, आपल्या कायद्याच्या तिसाव्या कलमाला परवाना लेखी लागतो. ज्याचा ईमेल बदलला, जो आजारी आहे, जो वारला आणि ज्याच्या वारसांना पीकेजीबिल्ड म्हणजे काय हेही ठाऊक नाही, त्यांचं मौन कसलं लक्षण? शिवाय आपल्याकडे एकोणिसाव्या कलमात एक खुंटी आहे: मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरायची, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. ते कलम हस्तांतराचं, पण तिसाव्या कलमाच्या पाठोपाठ ते परवान्यांनाही लावलंय. एमआयटी काय, झिरो-बीएसडी काय, मुदतीचा शब्दच काढत नाहीत. त्यापेक्षा एकविसाव्या कलमाप्रमाणे जाहीर सूचना देऊन हक्क सोडून देणं हा निदान आपल्या माणसांसाठी सरळ रस्ता आहे.

तरी आम्ही आर्चवाल्यांना दोष देणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे आहे तसं राहू देणं, आणि ते जास्त वाईट. आमची तक्रार वेगळी आहे. एमआयटी परवान्यात निदान कर्त्याचं नाव आणि सूचना राखावी लागते. झिरो-बीएसडीत ती अटही काढलेली. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या त्या दोन ओळी पुसणं आता परवान्याच्या दृष्टीनं निर्दोष. आर्चमध्ये 'मेंटेनर' आणि 'काँट्रिब्यूटर' अशा ओळी वर लिहायची जुनी प्रथा आहे, ती प्रथा म्हणूनच जगली तर जगेल. आपल्याकडचं सत्तावन्नावं कलम मालकी सोडली तरी कर्तेपणाचा दावा राहतो असं म्हणतं; पण ते उभं राहायला आधी ती 'कृती' ठरायला हवी, आणि ते ठरवायला न्यायालयात कोण जातो? रात्री जागून लिहिणारा पोरगा?

आमच्या परंपरेत ही गोष्ट कुणी नीट केली असेल तर ती एकनाथांनी. १५८४ मध्ये, शके १५०६ ला, त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. प्रती जमवल्या, लेखकांच्या हातून शिरलेले अपपाठ काढले. आणि शेवटी चार ओव्यांत काय लिहिलं? वर्ष लिहिलं, संवत्सराचं नाव लिहिलं, आपलं नाव लिहिलं, आणि काय केलं ते लिहिलं: ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरानं बिघडला होता, तो शोधून नीट केला. पुढे ताकीद: यात कुणी आपली ओवी घालील तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. आम्ही हे शंभर वेळा वाचलं असेल, पण स्क्रिप्टच्या नादानं वाचलं तेव्हा लक्षात आलं की माणसानं फरक किती नेमका धरलाय. प्रत शुद्ध करणं चालेल, ते त्यांनी स्वतः केलंय, आणि त्याखाली नाव घालायला ते लाजलेले नाहीत. ओवी घालणं चालणार नाही. बांधणी आणि रूपांतर यांच्यामधली रेघ, आणि बांधणाऱ्याची सही. ज्ञानेश्वरी नाथांची झाली असं कुणी कधी म्हटलं नाही. नाथांनी काही केलं नाही असंही कुणी म्हटलं नाही.

त्या ताकिदीशी मात्र मुक्त सॉफ्टवेअरवाले सहमत होणार नाहीत, आणि तिथं आम्ही त्यांच्या बाजूनं आहोत. ओव्या घालू द्याव्यात. नाव वेगळं ठेवावं म्हणजे झालं. लोहितवाल्या परवान्यातली ती राखीव नावाची सोय आम्ही मघाशी सांगितली, ती याचसाठी.

वेळ संपत आली आहे. दोन प्रश्न घेऊ.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमचा कुंकवाचा धंदा आहे. डबीवरची चिठ्ठी मुलानं कॉम्प्युटरवर काढली. ती धंद्याची की मुलाची?)

मुलगा तुमच्याकडे पगारी नोकर आहे का? नाही ना. मग वेगळा करार नसेल तर मुलाची. (हशा) हसू नका, लेखी करून घ्या, आणि त्यात मुदत लिहा, नाहीतर पाच वर्षं धरतील. चिठ्ठीच्या कोपऱ्यात त्याचं नाव बारीक अक्षरात घातलंत तर कुंकू काही कमी लाल होणार नाही.

(दुसरा प्रश्न: तुमच्या त्या विद्यार्थ्याला हे सांगितलंत का?)

पत्र लिहिलं. आज जे बोललो ते जवळजवळ सगळं त्यात आहे, गाढवासकट. पत्ता जुनाच होता आमच्याकडे. उत्तर अजून आलेलं नाही. आता गाडीची वेळ झाली, आम्हाला निघायला हवं.